संवाहक बहुवारिकांचा प्रकाशजन्य ऱ्हास

संवाहक बहुवारिकांचा प्रकाशजन्य ऱ्हास म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या किंवा अर्धसंवाहक असलेल्या सेंद्रिय बहुवारिकांची (पॉलिमरांची) रेणूरचना आणि गुणधर्म प्रकाशाच्या प्रभावाने कायमचे बिघडण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत बहुवारिकाचा रंग फिका पडतो, विद्युत संवाहकता घटते, प्रकाश देण्याची किंवा प्रकाशापासून वीज निर्माण करण्याची क्षमता कमी होते आणि पुष्कळदा पातळ थर ठिसूळ बनतो. बहुतेक उदाहरणांत हा ऱ्हास केवळ प्रकाशामुळे होत नाही. प्रकाश, हवेतील ऑक्सिजन, बाष्प आणि उष्णता यांच्या संयुक्त क्रियेतून तो घडतो.

बहुवारिकाच्या ज्या संयुग्मित रचनेमुळे त्याला संवाहकता लाभते, तीच रचना दृश्य प्रकाश शोषून घेते आणि ऑक्सिजनशी सहज अभिक्रिया करते. त्यामुळे प्रकाशापासून संरक्षण देणारा प्रत्येक उपाय करताना संवाहकता राखणे हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न आहे. हलकी, लवचीक आणि छपाईच्या तंत्राने तयार होणारी सौरघटे व संवेदके उघड्यावर किती काळ टिकतील, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. विदर्भासारख्या प्रखर उन्हाच्या व नंतर दमट होणाऱ्या प्रदेशात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

पॉलिएथिलीन, पीव्हीसी यांसारखी नेहमीच्या वापरातील बहुवारिके विजेची दुर्वाहक असतात. म्हणूनच तारांवरील आवरणासाठी ती वापरली जातात. संवाहक बहुवारिकांच्या मुख्य साखळीत कार्बन अणूंमध्ये एकबंध व द्विबंध आळीपाळीने येतात. या रचनेला संयुग्मित रचना म्हणतात. तिच्यातील पाय इलेक्ट्रॉन एका बंधापुरते बांधलेले न राहता साखळीच्या मोठ्या भागावर पसरतात.

शुद्ध अवस्थेत अशी बहुवारिके साधारणतः अर्धसंवाहक असतात. त्यांत इलेक्ट्रॉन काढून घेणारे किंवा देणारे द्रव्य मिसळले, म्हणजेच डोपिंग केले, की संवाहकता कित्येक पटींनी वाढते. १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडिआर्मिड आणि ॲलन हीगर यांनी पॉलिॲसिटिलिनाच्या पापुद्र्यावर हॅलोजनांच्या बाष्पाची क्रिया करून संवाहकतेत झालेली प्रचंड वाढ दाखवून दिली. या कार्यासाठी त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉलिॲनिलीन हा पदार्थ त्याआधी, एकोणिसाव्या शतकापासूनच, ॲनिलिनाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या गडद रंगद्रव्याच्या रूपात ठाऊक होता.

पॉलिॲसिटिलीन हवेत लवकर खराब होत असल्याने व्यवहारात फारसे उपयोगी ठरले नाही. त्यानंतर पॉलिपायरोल, पॉलिॲनिलीन, पॉलिथायोफीन आणि पॉलिफेनिलीन-व्हिनिलीन (पीपीव्ही) यांचा अभ्यास वाढला. १९९० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी पीपीव्हीच्या थरातून विजेच्या साहाय्याने प्रकाश मिळवला. पेडॉट हे थायोफीनवर्गीय बहुवारिक बायर या जर्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले. पॉलिस्टायरीन सल्फोनिक आम्लासह पाण्यात विखुरलेल्या रूपात ते ‘पेडॉट-पीएसएस’ या नावाने ओळखले जाते.

आज संवाहक बहुवारिके प्रतिस्थैतिक लेपांत, संगणकातील धारित्रांत, वायुसंवेदकांत, पारदर्शक विद्युत अग्रांत आणि सेंद्रिय सौरघटांत वापरली जातात. धारित्राच्या बंद डबीत असलेल्या बहुवारिकापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही, त्यामुळे तेथे प्रकाशजन्य ऱ्हासाचा प्रश्न नसतो. सौरघटात मात्र बहुवारिकाचे कामच प्रकाश शोषण्याचे असल्याने त्याला प्रकाशापासून पूर्णपणे दूर ठेवता येत नाही.

ऱ्हासाचे मूळ कारण

प्रकाशाच्या प्रत्येक फोटॉनात त्याच्या तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात ऊर्जा असते. ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाची ऊर्जा दर मोलमागे सुमारे ३०० किलोज्यूल, तर ३०० नॅनोमीटरच्या अतिनील (जंबुपार) प्रकाशाची सुमारे ४०० किलोज्यूल असते. कार्बन-कार्बन एकबंध तोडण्यास साधारण ३५० किलोज्यूल लागतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशातील सर्वांत लहान तरंगलांबी सुमारे २९५ नॅनोमीटर असते. म्हणजे सूर्यप्रकाशाच्या अतिनील टोकाकडील फोटॉनांत काही रासायनिक बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा असते. भूपृष्ठावरील सौर ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा सुमारे ५ टक्केच असला, तरी ऱ्हासातील त्यांचा वाटा त्याहून कितीतरी मोठा असतो.

शुद्ध पॉलिएथिलीन दृश्य प्रकाश शोषत नाही. त्याचा ऱ्हास मुख्यतः अतिनील किरण आणि त्यातील अशुद्धी यांमुळे होतो. संयुग्मित बहुवारिकांचे तसे नाही. त्यांच्या इलेक्ट्रॉनांना उत्तेजित करण्यास १.५ ते २.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा पुरते, म्हणून ती दृश्य प्रकाशही मोठ्या प्रमाणात शोषतात. पॉलिहेक्झिलथायोफीन (पीथ्रीएचटी) हे बहुवारिक सुमारे ६५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश शोषते. उत्तेजित अवस्थेतील साखळी आपली जादा ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन शेजारच्या ऑक्सिजन रेणूला देऊ शकते आणि तेथून ऱ्हासास आरंभ होतो. रंगवलेले कापड उन्हात विटते त्यामागेही याच प्रकारचे रसायन असते. कापडाचा रंग गेला तरी कापड उरते. संवाहक बहुवारिकात मात्र रंग देणारी रचना आणि वीज वाहणारी रचना एकच असल्याने रंगाबरोबर गुणधर्मही जातो.

रासायनिक यंत्रणा

प्रकाशजन्य ऱ्हासाच्या तीन प्रमुख वाटा मानल्या जातात. एकाच पदार्थात त्या एकाच वेळी चालू असू शकतात.

मुक्त मूलकांची साखळी-अभिक्रिया: प्रकाशामुळे एखादा दुर्बळ बंध तुटून मुक्त मूलक, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेला अतिक्रियाशील तुकडा, तयार होतो. तो ऑक्सिजनशी संयोग पावून पेरॉक्सी मूलक बनतो. पेरॉक्सी मूलक शेजारच्या साखळीतील हायड्रोजन ओढून घेतो, त्यातून हायड्रोपेरॉक्साइड आणि एक नवा मूलक तयार होतो. हायड्रोपेरॉक्साइड प्रकाशाने व उष्णतेने पुन्हा फुटते आणि आणखी मूलक देते. अशा रीतीने एका आरंभिक घटनेतून अनेक साखळ्यांचे नुकसान होते. बहुवारिक विद्राव्य व्हावे म्हणून जोडलेल्या अल्किल पार्श्वसाखळ्यांतील मुख्य साखळीलगतचा कार्बन या हल्ल्याला सर्वाधिक बळी पडतो.

एकक ऑक्सिजनाची क्रिया: उत्तेजित बहुवारिक काही वेळा त्रिक अवस्थेत जाते आणि आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते. त्यातून एकक ऑक्सिजन हे ऑक्सिजनाचे अधिक क्रियाशील रूप तयार होते. त्यासाठी सुमारे १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरेशी असते. एकक ऑक्सिजन कार्बन-कार्बन द्विबंधांवर हल्ला करतो.

सुपरऑक्साइडाची निर्मिती: उत्तेजित बहुवारिकाकडून ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉन गेल्यास सुपरऑक्साइड आयन तयार होतो. बहुवारिकाची इलेक्ट्रॉन-आसक्ती कमी असेल, तर हे हस्तांतरण सोपे होते. जस्त ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइड यांचे थर सौरघटात इलेक्ट्रॉन वाहून नेण्यासाठी वापरतात. अतिनील प्रकाशात हे पदार्थ स्वतःच प्रकाश-उत्प्रेरकासारखे वागतात आणि लगतच्या सेंद्रिय थराचे विघटन घडवतात.

या तिन्ही वाटांचा शेवट साखळीतील संयुग्मन तुटण्यात होतो. द्विबंधांच्या जागी कार्बोनिल, हायड्रॉक्सिल किंवा सल्फॉक्साइड गट येतात. इलेक्ट्रॉनांचा अखंड मार्ग लहान तुकड्यांत विभागला जातो. नवे गट विद्युतभार अडकवून ठेवणाऱ्या सापळ्यांचे काम करतात. त्यामुळे पदार्थाचा फार थोडा भाग ऑक्सिडीभूत झाला, तरी उपकरणाच्या कार्यक्षमतेत मोठी घट दिसते.

निरनिराळ्या बहुवारिकांचे वर्तन

पॉलिफेनिलीन-व्हिनिलीन: या गटातील बहुवारिकांत दोन बेंझीन वलयांमधील व्हिनिलीन द्विबंध हा सर्वांत दुबळा दुवा असतो. तेथे ऑक्सिजनाचा हल्ला होऊन साखळी तुटते आणि टोकांवर अल्डिहाइड गट तयार होतात. हे कार्बोनिल गट प्रकाशदीप्ती विझवतात. व्हिनिलीन दुव्यावर सायनो गटासारखे इलेक्ट्रॉन ओढणारे गट जोडल्यास टिकाऊपणा वाढतो.

पॉलिहेक्झिलथायोफीन: हे या विषयातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले बहुवारिक आहे. त्याचा जांभळट-लाल थर हवेत व प्रकाशात ठेवल्यास क्रमाने फिका होत जातो आणि अखेरीस जवळजवळ रंगहीन होतो. द्रावणातील प्रयोगांवरून याचे कारण मुख्यतः एकक ऑक्सिजन असल्याचे पूर्वी मानले जात असे. पुढे घन थरांवर झालेल्या अभ्यासांत पार्श्वसाखळीपासून सुरू होणारी मूलक-साखळी आणि त्यानंतर वलयातील गंधकाचे सल्फॉक्साइड व सल्फोनमध्ये होणारे रूपांतर हा मार्ग अधिक महत्त्वाचा असल्याचे दिसून आले. ऑक्सिजनविरहित अवस्थेत हाच थर कितीतरी अधिक काळ टिकतो. ज्या नमुन्यात पार्श्वसाखळ्या नियमित क्रमाने जोडलेल्या असतात, तो अनियमित नमुन्यापेक्षा सावकाश खराब होतो, कारण त्यातील साखळ्या घट्ट रचल्या जातात.

पेडॉट-पीएसएस: अतिनील प्रकाशात व हवेत पेडॉटमधील गंधकाचे ऑक्सिडीकरण होऊन संवाहकता घटते. पीएसएस हा घटक आम्लधर्मी व बाष्पशोषक आहे. तो हवेतील पाणी ओढून घेतो. त्यामुळे थर फुगतो आणि लगतच्या इंडियम-टिन ऑक्साइडाच्या अग्राचे क्षरण होते.

पॉलिॲनिलीन: या बहुवारिकाची संवाहकता आम्लाने केलेल्या डोपिंगवर अवलंबून असते. त्याच्या तीन ऑक्सिडीकरण अवस्थांपैकी मधली एमराल्डीन अवस्थाच आम्लासह संवाहक बनते. उष्णतेने बाष्पनशील आम्ल निघून गेले, साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या किंवा ऑक्सिडीकरण पुढच्या अवस्थेपर्यंत गेले, की संवाहकता ढासळते. सर्वाधिक ऑक्सिडीभूत अवस्थेचे पाण्याने विघटन होऊन बेंझोक्विनोन तयार होऊ शकते.

उपकरणांवरील परिणाम

सेंद्रिय सौरघटात प्रकाश शोषणारे बहुवारिक आणि इलेक्ट्रॉन स्वीकारणारा पदार्थ यांचे मिश्रण असते. अनेक घटांची कार्यक्षमता प्रकाशात ठेवल्यावर पहिल्या काही दिवसांत झपाट्याने घसरते आणि नंतर सावकाश, जवळजवळ सरळ रेषेत कमी होत जाते. या पहिल्या टप्प्याला आरंभिक घसरण म्हणतात. फुलरीनयुक्त घटांत प्रकाशामुळे फुलरीन रेणू जोडीने एकमेकांना चिकटणे हे तिचे एक कारण आहे. म्हणजे ऑक्सिजन पूर्णपणे रोखला, तरी काही प्रकारचा ऱ्हास उरतोच.

उष्णतेने मिश्रणातील दोन घटक हळूहळू एकमेकांपासून वेगळे होतात. पीथ्रीएचटी व फुलरीन यांच्या मिश्रणाचे काच-संक्रमण तापमान घटकांच्या प्रमाणानुसार सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याहून अधिक तापमानात रेणूंना हालचालीस वाव मिळतो आणि थराची सूक्ष्म रचना बदलू लागते.

२०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात पीसीडीटीबीटी या कार्बाझोलवर्गीय बहुवारिकाच्या वेष्टित सौरघटांचे अनुमानित आयुष्य सुमारे ७ वर्षे निघाले. त्या काळातील सेंद्रिय सौरघटांच्या मानाने हे आयुष्य लक्षणीय होते. २०१५ नंतर फुलरीनऐवजी इतर सेंद्रिय स्वीकारक रेणू वापरात आले आणि प्रयोगशाळेतील छोट्या घटांची कार्यक्षमता १९ टक्क्यांच्या पुढे गेली. या नव्या स्वीकारकांपैकी कित्येकांत रेणूचे भाग व्हिनिल दुव्याने जोडलेले असतात. जस्त ऑक्साइडाच्या सान्निध्यात अतिनील प्रकाशाने तो दुवा तुटतो. पीपीव्हीमध्ये आढळलेला दुबळा दुवा अशा प्रकारे नव्या रेणूंतही पुन्हा आढळतो.

मापन व चाचण्या

ऱ्हासाचा मागोवा घेण्यासाठी वर्णपटमापनाचा उपयोग होतो. दृश्य वर्णपटातील शोषण कमी होणे हे संयुग्मन तुटल्याचे, तर अवरक्त वर्णपटात कार्बोनिल गटाची पट्टी उमटणे हे ऑक्सिडीकरणाचे लक्षण असते. गंधकाच्या ऑक्सिडीकरणाची अवस्था क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानाने समजते. संवाहकता चार टोकांच्या मापनपद्धतीने मोजतात.

सौरघटाची कार्यक्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येण्यास लागणाऱ्या काळाला ‘टी-८०’ म्हणतात. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता यावेत यासाठी २०११ मध्ये ‘आयएसओएस’ नावाने ओळखले जाणारे संकेत प्रसिद्ध झाले. त्यांत अंधारातील, कृत्रिम प्रकाशातील आणि प्रत्यक्ष उघड्यावरील चाचण्यांच्या अटी ठरवून दिल्या आहेत. सिलिकॉनच्या पॅनेलांसाठी रूढ असलेली ८५ अंश सेल्सिअस तापमान व ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेतील १,००० तासांची चाचणी सेंद्रिय घटांसाठी विशेष कठीण ठरते.

स्थिरीकरणाचे उपाय

वेष्टन: ऑक्सिजन आणि बाष्प रोखणे हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. काच जवळजवळ अभेद्य असते, पण ती वापरल्यास लवचीकपणा व हलकेपणा हे बहुवारिकांचे मुख्य फायदे जातात. साध्या पीईटी पापुद्र्यातून एका चौरस मीटरमधून दिवसाला काही ग्रॅम बाष्प पार होते. सेंद्रिय सौरघटांना हे प्रमाण ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही खाली, तर सेंद्रिय प्रकाशदीपांना दशलक्षाव्या भागापर्यंत आणावे लागते. त्यासाठी अकार्बनी ऑक्साइड आणि बहुवारिक यांचे आलटून पालटून थर देतात. अशा पापुद्र्याची किंमत कधी कधी आतील उपकरणाहून अधिक असते. कडांना लावलेल्या गोंदातूनही बाष्प शिरते, म्हणून कडा बंद करणे हे स्वतंत्र तंत्र मानले जाते.

अतिनील गाळणी: बाहेरच्या थरात बेंझोफिनोन किंवा बेंझोट्रायाझोल वर्गातील शोषक मिसळून सुमारे ४०० नॅनोमीटरखालील किरण अडवता येतात. हे शोषक अतिनील ऊर्जा शोषून तिचे निरुपद्रवी उष्णतेत रूपांतर करतात. त्यामुळे उपयुक्त प्रकाशाचा थोडा भाग वाया जातो. दृश्य प्रकाशाने होणाऱ्या ऱ्हासावर गाळणीचा उपयोग होत नाही. शेततळ्याच्या काळ्या अस्तरात किंवा काळ्या मल्चिंग पेपरमध्ये काजळीचे कण घालून प्लास्टिकचे उन्हापासून रक्षण करतात. सौरघटात हा स्वस्त उपाय चालत नाही, कारण काजळी सर्वच प्रकाश अडवते.

मूलक शोषणारी द्रव्ये: ‘हाल्स’ या संक्षेपाने ओळखली जाणारी अवरुद्ध ॲमीने शेडनेट व हरितगृहाच्या प्लास्टिकात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. प्रकाशात त्यांचे नायट्रॉक्सिल मूलकांत रूपांतर होते. हे मूलक साखळी-अभिक्रियेतील मूलकांना पकडतात आणि पुन्हा पूर्वरूपात येतात, म्हणून थोडे द्रव्य दीर्घकाळ पुरते. संवाहक बहुवारिकांत त्यांचा वापर जपून करावा लागतो. ॲमीने अल्कधर्मी असल्याने ती आम्लाने डोप केलेल्या पॉलिॲनिलिनातील आम्ल उदासीन करून संवाहकताच घालवू शकतात. अर्धसंवाहक थरात ती विद्युतभारासाठी सापळेही ठरू शकतात. फिनॉलवर्गीय प्रतिऑक्सिडीकारके आम्लधर्मी माध्यमात तुलनेने सोयीची असतात. पेडॉट-पीएसएसच्या थरांसाठी गॅलिक आम्ल व टॅनिक आम्ल यांसारखी बहुहायड्रॉक्सी द्रव्ये वापरली जातात. हिरड्यातील टॅनिने याच कुळातील आहेत.

एकक ऑक्सिजन शमवणारी द्रव्ये: वनस्पतींच्या पानांत प्रकाशसंश्लेषणाच्या वेळी एकक ऑक्सिजन तयार होतो आणि कॅरोटिनॉइडे तो शमवतात. याच तत्त्वावर बीटा-कॅरोटीन सौरघटांच्या थरात मिसळून पाहण्यात आले आहे. निकेलच्या काही जटिल संयुगांनी पीथ्रीएचटीसारख्या बहुवारिकांचा ऱ्हास मंदावतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

रेणूरचनेतील बदल: पार्श्वसाखळ्यांतील दुबळे बंध टाळणे, मुख्य साखळी अधिक ताठर करणे आणि इलेक्ट्रॉन ओढणारे गट जोडून ऑक्सिडीकरण अवघड करणे हे उपाय मुळावर काम करतात. उष्णतेने सुटणाऱ्या पार्श्वसाखळ्या हा एक वेगळा मार्ग आहे. थर देताना त्या विद्राव्यता देतात आणि नंतर थर तापवून त्या काढून टाकल्या जातात. उरलेला थर अधिक ताठर व टिकाऊ असतो. इलेक्ट्रॉन-आसक्ती अधिक असलेले स्वीकारक मिसळल्यास ते बहुवारिकावरील इलेक्ट्रॉन चटकन ओढून घेतात आणि सुपरऑक्साइडाची निर्मिती घटते. इलेक्ट्रॉन-आसक्ती कमी असलेले स्वीकारक मात्र ऱ्हास वाढवू शकतात.

उपकरणाच्या थरांतील बदल: घटाचा क्रम उलटा करून कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियमसारख्या सहज ऑक्सिडीभूत होणाऱ्या धातूंऐवजी चांदीचे वरचे अग्र वापरल्यास आयुष्य वाढते. पेडॉट-पीएसएसच्या जागी मॉलिब्डेनम ऑक्साइड वापरणे, तसेच जस्त ऑक्साइडाचा पृष्ठभाग पातळ सेंद्रिय थराने झाकून त्याची प्रकाश-उत्प्रेरक क्रिया दाबणे हेही रूढ उपाय आहेत.

विदर्भातील हवामान व कोंढ्याचे उदाहरण

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे गाव २१ अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. तेथे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास असा वर्षातून दोनदा सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो. त्यांपैकी पहिला काळ कोरड्या, कडक उन्हाचा आणि दुसरा ऐन पावसाळ्याचा असतो. पूर्व विदर्भात उन्हाळ्यातील कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. वर्षाचा पाऊस १,००० मिलीमीटरहून अधिक असून त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. धानाच्या बांधीत या काळात पाणी साठलेले असते व हवा सतत दमट राहते.

प्रकाशजन्य ऱ्हासाच्या दृष्टीने हा क्रम प्रतिकूल ठरतो. उन्हात ठेवलेल्या पॅनेलाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा २५ ते ३० अंशांनी अधिक असू शकते. म्हणजे मे महिन्यातील दुपारी ते ७० अंशांपर्यंत पोहोचते. या तापमानात अनेक मिश्रणांचे काच-संक्रमण ओलांडले जाते आणि मूलक-अभिक्रियांचा वेग वाढतो. दिवसरात्रीच्या तापमानातील फरकाने वेष्टनाच्या कडांवर ताण येऊन सूक्ष्म फटी पडू शकतात. त्यानंतर लगेच येणाऱ्या पावसाळ्यात त्या फटींतून बाष्प आत शिरते. कोरड्या उष्ण प्रदेशातील आणि थंड दमट प्रदेशातील अडचणी येथे एकाच वर्षात, एकापाठोपाठ एक येतात.

प्रयोगशाळेतील आकडे अशा ठिकाणी लावताना साधे गणित उपयोगी पडते. प्रमाणित कृत्रिम सूर्यप्रकाशाची तीव्रता दर चौरस मीटरला १,००० वॅट असते. १,००० तासांच्या अखंड चाचणीत नमुन्यावर चौरस मीटरमागे १,००० किलोवॅट-तास इतकी प्रकाशऊर्जा पडते. पूर्व विदर्भात दररोज सरासरी चौरस मीटरमागे सुमारे ५ किलोवॅट-तास सौरऊर्जा मिळते. म्हणजे १,००० तासांची चाचणी ही कोंढ्यासारख्या गावातील सुमारे २०० दिवसांच्या, जवळपास सात महिन्यांच्या उन्हाइतकी होते. त्या चाचणीत तग धरलेल्या घटाने अजून एक वर्षही पूर्ण केलेले नसते. शिवाय चाचणी बहुधा स्थिर तापमानात व कोरड्या हवेत होते. उघड्यावर होणारे तापमानाचे चढउतार, धूळ व पाऊस यांचा तीत समावेश नसतो.

महाराष्ट्रात कृषिपंपांना वीज पुरवणारी सौर पॅनेले सिलिकॉनची आहेत आणि अशा पॅनेलांना साधारण २५ वर्षांची हमी देण्याची प्रथा आहे. सेंद्रिय घटांना या वापरात त्यांची जागा घेणे सध्या शक्य नाही. कमी आयुष्य चालणारी, सावलीत किंवा घरातील प्रकाशात वापरायची आणि वजन कमी असण्याला महत्त्व असलेली कामे त्यांना अधिक अनुकूल आहेत. मातीतील ओलावा किंवा साठवणुकीच्या जागेतील वायू मोजणारी स्वस्त संवेदके हे याचे उदाहरण होय. अशा संवेदकात बहुवारिकाचा थर हवेच्या संपर्कात ठेवावाच लागतो, त्यामुळे संपूर्ण वेष्टन शक्य नसते. पण प्रकाश अडवणारे, हवा खेळू देणारे आवरण देता येते. एका हंगामापुरते टिकणारे आणि नंतर बदलता येणारे संवेदक शेतीच्या कामाला पुरेसे ठरू शकते.

महाराष्ट्रातील संशोधन

१९५० मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांचा प्रकाश-ऑक्सिडीकरणाने होणारा ऱ्हास व त्यांचे स्थिरीकरण हा दीर्घकाळ संशोधनाचा विषय राहिला आहे. तेथील आर. पी. सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर विपुल लेखन केले आहे. संवाहक बहुवारिकांवरही या प्रयोगशाळेत काम झाले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ येथे पॉलिॲनिलीन व पॉलिपायरोल यांच्या संमिश्रांवर आणि त्यांपासून बनवलेल्या वायुसंवेदकांवर संशोधन झाले आहे.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत २०१० मध्ये राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्र स्थापन झाले. या केंद्राने २०१३ पासून देशातील निरनिराळ्या हवामान विभागांत बसवलेल्या सौर पॅनेलांची अखिल भारतीय पाहणी केली. उष्ण विभागांतील पॅनेलांची क्षमता थंड विभागांतील पॅनेलांपेक्षा लवकर घटते, तसेच छतावरील पॅनेले जमिनीवर उभारलेल्या पॅनेलांपेक्षा अधिक खालावतात, असे या पाहण्यांत आढळले. या पाहण्या मुख्यतः सिलिकॉनच्या पॅनेलांच्या होत्या. त्या पॅनेलांतील ईव्हीए या बहुवारिकाच्या थराचे उन्हाने पिवळे-तपकिरी पडणे हाही प्रकाशजन्य ऱ्हासच आहे. सिलिकॉन स्वतः टिकाऊ असूनही त्याभोवतीच्या बहुवारिकाने पॅनेलाचे आयुष्य ठरते, ही गोष्ट संवाहक बहुवारिकांच्या अभ्यासालाही उपयुक्त आहे.

उपायांच्या मर्यादा

स्थिरीकरणाचा कोणताही एक उपाय पुरेसा ठरत नाही. वेष्टनाने ऑक्सिजन रोखला जातो, पण प्रकाशाने थेट तुटणारे बंध वाचत नाहीत. गाळणीने अतिनील किरण अडतात, पण दृश्य प्रकाश आत येतोच. मिसळलेली द्रव्ये कालांतराने खर्च होतात, थरातून बाहेर सरकतात किंवा विद्युतवहनात अडथळा आणतात. रेणूरचना बदलल्यास संश्लेषणाच्या पायऱ्या व खर्च वाढतो. म्हणून व्यवहारात हे उपाय एकत्रितपणे योजले जातात: बाहेर अतिनील गाळणीसह बाष्परोधक वेष्टन, आत मूलक व एकक ऑक्सिजन यांना आवरणारे अल्प प्रमाणातील द्रव्य आणि मुळात कमी दुबळे दुवे असलेले बहुवारिक. त्यांपैकी कशावर किती भर द्यायचा, हे उपकरणाचे काम, अपेक्षित आयुष्य आणि ते जेथे वापरायचे तेथील हवामान यांवरून ठरवले जाते.

हे सुद्धा पहा

बहुवारिक
सेंद्रिय सौरघट
पॉलिॲनिलीन
मुक्त मूलक
भंडारा जिल्हा